कृषी सेवा केंद्रचालकांसाठी देसी पदविका, परवान्याचे अभ्यासक्रम आणि पुढचं शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाशीच्या पानावर लालसर डाग दिसला, की शेतकरी ते पान खिशात घालून बाजारपेठेतल्या कृषी सेवा केंद्रात येतो. कृषी सहायकाकडे कितीतरी गावं असतात आणि विद्यापीठ लांब असतं. तुमचं दुकान सकाळी आठला उघडलेलं असतं, उधारीही तिथेच मिळते. त्यामुळे गावाचा पहिला पीकसल्लागार तुम्हीच. मी कृषी खात्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ‘देसी’ या दुकानदारांसाठीच्या पदविकेच्या वर्गांना सुलभक म्हणून, म्हणजे शिकवायला, जातो. दर तुकडीत तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

दुकान वडिलांच्या वेळेपासून आहे. माझं शिक्षण बारावी, कला शाखा. कीटकनाशकाच्या परवान्याला पदवी लागतेच का?

नवीन परवान्याला शिक्षणाची अट आहे. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. त्या नियमांत २०१५ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून विक्रेत्याकडे स्वतःची पदवी हवी किंवा त्याने पदवीधर माणूस नोकरीवर ठेवायला हवा. चालणाऱ्या पदव्या म्हणजे कृषी विज्ञान, जैवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवशास्त्र, किंवा रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्र घेऊन केलेली विज्ञानाची पदवी.

तुमच्यासारख्या जुन्या परवानाधारकांना एकदम दुकान बंद करायला सांगता येत नव्हतं. म्हणून मुदती वाढत गेल्या आणि पुढे कीटकनाशक व्यवस्थापनाचा बारा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आला. आठवड्यातून एकदा वर्ग असतो, त्यामुळे दुकान सांभाळून तो करता येतो. माझा आग्रह आहे की मुदतीच्या शेवटच्या महिन्याची वाट पाहू नका. त्या वेळी सगळा तालुका एकाच केंद्रावर लोटतो, वर्ग भरगच्च होतात आणि शिकणं बाजूला राहून हजेरीच उरते.

खताच्या परवान्यालाही तीच अट आहे का?

नाही, खताचं वेगळं आहे. ते खत नियंत्रण आदेश १९८५ खाली येतं. तिथे कृषी किंवा रसायनशास्त्राची पदवी, कृषी पदविका, किंवा एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापनाचा पंधरा दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो. हा अभ्यासक्रम कृषी विज्ञान केंद्रं आणि कृषी विद्यापीठं घेतात. पंधरा दिवसांच्या प्रमाणपत्रावर कीटकनाशकाचा परवाना मागायला आलेली माणसं मी दरवर्षी पाहतो. दोन कायदे आहेत आणि दोन्हींच्या अटी वेगळ्या आहेत, एवढं घट्ट लक्षात ठेवा.

देसी म्हणजे नेमकं काय?

कृषी निविष्ठा, म्हणजे बियाणे, खतं, औषधं, विकणाऱ्यांसाठीची कृषी विस्तार सेवेची पदविका. हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे ज्याला सगळे ‘मॅनेज’ म्हणतात तिने, २००३ साली ती सुरू केली. मुदत ४८ आठवड्यांची. त्यात ४० दिवस वर्गातले आणि ८ क्षेत्रभेटी. एका तुकडीत ४० जण. वर्ग बाजारपेठेच्या सुट्टीच्या दिवशी भरतो आणि शिकवणं मराठीत असतं. किमान दहावी उत्तीर्ण आणि हातात चालू परवाना एवढं असलं, की प्रवेश घेता येतो.

राज्याच्या पातळीवर नागपूरची वनामती, म्हणजे वसंतराव नाईक राज्य कृषि विस्तार व्यवस्थापन प्रशिक्षण संस्था, आणि जिल्ह्यात ‘आत्मा’चं, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचं, कार्यालय हे काम पाहतं. वर्ग बहुधा कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात भरतो. चौकशी करायची तर आत्माच्या कार्यालयात जा. एजंटाकडे अजिबात जाऊ नका, कारण हजेरीशिवाय प्रमाणपत्र काढून देतो असं सांगणारा माणूस तुमचे पैसे आणि तुमची पत दोन्ही घेऊन जातो.

फी किती पडते?

केंद्र सरकारच्या अनुदानाची योजना आली तेव्हा माणशी २०,००० रुपये धरले होते आणि त्यातला निम्मा वाटा सरकारचा होता. काही कंपन्या आपल्या विक्रेत्याच्या वाट्यातला काही भाग उचलतात. पूर्णपणे स्वखर्चाच्या तुकडीचं गणित वेगळं असतं. तुमच्या जिल्ह्यात यंदा कोणती तुकडी मिळते आहे, त्यावर आकडा ठरतो. तो आत्माकडून लेखी घ्या.

मुलगा बी.एस्सी. ॲग्री आहे, पण पुण्याला नोकरी करतो. त्याच्या नावावर परवाना आणि दुकानात मी, असं चालेल का?

हा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात, म्हणून मी मोठ्याने उत्तर देतो. पदवीधर माणूस नोकरीवर ठेवायला कायद्याची मुभा आहे. ती एवढ्यासाठी, की औषध देताना जाणकार माणूस काउंटरवर उभा असावा. पदवी भिंतीवर आणि माणूस पुण्यात, तर शेतकऱ्याला सल्ला कोण देणार? तपासणीला आलेला गुणवत्ता नियंत्रण निरीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो. आणि उद्या फवारणीत कुणाला विषबाधा झाली, तर ज्याचं नाव परवान्यावर आहे तो तुमचा मुलगा अडकेल. वर्षाला काही हजार घेऊन आपली पदवी भाड्याने देणारे पदवीधरही मी पाहिले आहेत. चार वर्षं राबून मिळवलेली विद्या अशी खुंटीला टांगलेली पाहून मला फार वाईट वाटतं.

मुलगा आठवड्यातून एक दिवस येऊ शकत असेल तर त्याला आणा, त्याच्याकडून शिका आणि स्वतःच्या नावाने अभ्यासक्रम पूर्ण करा.

वीस वर्षं औषध विकतोय. वर्गात बसून नवीन काय कळणार?

एक साधं उदाहरण देतो. जुलैअखेर शेतकरी म्हणतो, “भाऊ, सोयाबीन पिवळं पडलंय, काहीतरी द्या.” बहुतेक दुकानांत यावर एक टॉनिक, एक बुरशीनाशक आणि विद्राव्य खताचं पाकीट निघतं. पण सोयाबीन पिवळं पडायची कारणं निदान चार आणि प्रत्येकाचा इलाज निराळा.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या असतील, जमीन चुनखडीची किंवा पाणी साचणारी असेल, तर ती लोहाची कमतरता. तिथे फेरस सल्फेटची अर्ध्या टक्क्याची फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील, तर नत्र कमी पडतं आहे. पानावर गडद-फिकट पिवळे वेडेवाकडे चट्टे असतील, तर तो पिवळा मोझॅक, विषाणूचा रोग. पांढरी माशी तो पसरवते. त्यावर कोणतंही बुरशीनाशक काम करत नाही. रोगट झाडं उपटून नष्ट करायची आणि माशीचा बंदोबस्त करायचा. आणि झाड मलूल होऊन पिवळं पडत असेल, तर खोड उभं चिरून पाहा. आत लालसर पोकळ नागमोडी वाट दिसली, की ती खोडमाशी.

या चारही शेतकऱ्यांना एकच पिशवी दिली, तर तिघांचे पैसे मातीत गेले. वर्गात हेच शिकवतो, की औषध देण्याआधी चार प्रश्न विचारा. कोणती पानं पिवळी, वरची की खालची? सगळं शेत की ठिकठिकाणी? पाऊस कधी झाला? याआधी काय फवारलं? शक्य असेल तर झाड मुळासकट मागवा. पहिल्या तुकडीत एका दुकानदाराने सांगितलं होतं, “सर, असे प्रश्न विचारले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल.” वर्षाच्या शेवटी तोच काउंटरवर एक भिंग ठेवू लागला आणि शेतकरी पानं घेऊन मुद्दाम त्याच्याकडे येऊ लागले.

बाकी अभ्यासक्रमात माती परीक्षण, बियाणे, तणनियंत्रण, सिंचन, अवजारं, तुमच्या भागातली मुख्य पिकं, शासकीय योजना आणि कायदे, सगळं येतं. क्षेत्रभेटींना दांडी मारू नका. सगळ्यांत जास्त शिकणं तिथेच होतं.

लेबल क्लेम म्हणजे काय? शेतकऱ्याला तर गुण आल्याशी मतलब.

कोणतं कीटकनाशक कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत वापरायचं आणि फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची, हे केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीच्या मान्यतेने ठरतं आणि तेच डब्याच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. त्यापलीकडची शिफारस तुमच्या तोंडून गेली, तर ती तुमच्या जबाबदारीवर.

द्राक्षवाल्यांना हे सांगावं लागत नाही. २०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, बागायतदार ज्याला ‘सीसीसी’ म्हणतात त्याचे, अंश जास्त आढळले. कंटेनर अडकले आणि नाशिक-सांगलीकडच्या कित्येक बागायतदारांचं वर्ष गेलं. ते काही विषारी कीटकनाशक नव्हतं, वेलीची वाढ आवरायला वापरलं जाणारं संजीवक होतं. तेव्हापासून निर्यातीच्या बागेत मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीबाहेरचं औषध मारायला शहाणा माणूस धजत नाही. वांगी, भेंडी, टोमॅटो खाणारी माणसंही आपलीच आहेत, हे मात्र आपण सहज विसरतो. मग भेंडीच्या शेतकऱ्याला काढणीपूर्व प्रतीक्षा काळ का सांगू नये?

डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाचा अर्थ काय?

लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम, हिरवा त्यामानाने कमी विषारी. हे वर्ग प्रयोगातल्या प्राण्यांच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम विष पोटात गेल्यावर निम्मे प्राणी मरतात, त्यावरून पाडलेले आहेत. लालमध्ये ती मात्रा १ ते ५०, पिवळ्यात ५१ ते ५००, निळ्यात ५०१ ते ५,००० आणि हिरव्यात ५,००० च्या वर. म्हणजे लाल त्रिकोणाचं अगदी थोडं औषधही जीव घेऊ शकतं. ज्यांना वाचता येत नाही अशा मजुरांना रंग तरी ओळखता यावा, म्हणून हे चिन्ह आहे. डबा हातात देताना त्रिकोणावर बोट ठेवून सांगा. दहा सेकंद लागतात.

शेतकरी तीन-चार औषधं एकाच पंपात मारायला मागतो. द्यावीत का?

यवतमाळ आठवा. २०१७ च्या पावसाळ्यात त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. जास्त दाबाचे पंप होते, अंगावर संरक्षक कपडे नव्हते, हवा दमट होती आणि टाकीत अनेक औषधांची मिसळ होती. नंतर सरकारने पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीनचं मिश्रण ही त्यातलीच.

त्या काळात मी दवाखान्याच्या आवारात बसलेले नातेवाईक पाहिले आहेत. डॉक्टर विचारत होते, “काय फवारलं?” आणि कुणालाच नाव सांगता येत नव्हतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध असेल तर उतारा म्हणून ॲट्रोपीन लागतं. गट कळला नाही, तर उपचार अंदाजाने करावे लागतात. म्हणून माझं उत्तर असं : लेबलवर किंवा विद्यापीठाच्या शिफारशीत नसलेलं मिश्रण देऊ नका. बिलावर तांत्रिक नाव, म्हणजे औषधातल्या मूळ रसायनाचं नाव, लिहा. विषबाधेची शंका आली तर डबा घेऊनच दवाखान्यात जा, हे प्रत्येकाला सांगा. आणि हातमोजे, मास्क, चष्मा यांचा संच दुकानात दर्शनी जागी ठेवा. तो फारसा विकला जात नाही, तरी ठेवा.

एकदा पदविका मिळाली, की आयुष्यभराचं झालं ना?

कागद आयुष्यभर राहील, माहिती मात्र दोन हंगामांत शिळी होते. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ च्या आधी आपल्या देशात नव्हतीच. त्या वर्षी ती कर्नाटकात दिसली आणि काही महिन्यांत सोलापूर भागात पोचली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, ही तिची ओळख २०१५ मध्ये शिकून गेलेल्या कुणालाही माहीत असणं शक्य नव्हतं. गुलाबी बोंडअळीचंही तसंच. बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारं कपाशीचं बियाणं, आहे म्हणून निर्धास्त राहा, असं सांगणाऱ्यांना २०१७ च्या बोंडअळीच्या हल्ल्याने उघडं पाडलं. आज कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग आले तर उपाय करायचा, हे प्रत्येक कापूसपट्ट्यातल्या दुकानदाराला तोंडपाठ हवं.

कायदाही बदलतो. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकांना ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची मुदत होती, नंतर बंदी. २०२१ च्या उन्हाळ्यात ऊसवाल्याला फोरेट सुचवणारे मला भेटले, आणि दोष त्यांच्या दानतीचा नव्हता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

अमेरिकेत पीकसल्लागारांसाठी १९९२ पासून एक प्रमाणन कार्यक्रम आहे, तिथल्या कृषिविद्या संस्थेचा. परीक्षा आणि अनुभवाच्या अटी पार केल्यावरही दर दोन वर्षांत ४० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं आणि ते अन्नद्रव्य, माती-पाणी, कीड-रोग आणि पीक व्यवस्थापन अशा चारही विषयांत वाटलेलं असावं लागतं. नुसतं औषधांचंच शिकून चालत नाही. आपल्याकडच्या देसीला अशी सक्ती नाही. ती यावी असं मला मनापासून वाटतं. तोवर वर्षाला वीस तास स्वतःवर घालून घ्या आणि वहीत तारीखवार नोंद ठेवा.

ते शिक्षण मिळणार कुठे?

जवळचं कृषी विज्ञान केंद्र हा पहिला पत्ता. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांच्या शिफारशी दरवर्षी सुधारल्या जातात. राहुरीची कृषिदर्शनी किंवा अकोल्याची कृषी संवादिनी काउंटरवर असायलाच हवी, आणि ती चालू वर्षाची. क्रॉपसॅप हा राज्याचा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प २००९ पासून चालू आहे. त्याचे हंगामातले सल्ले तालुका कृषी कार्यालयातून मिळवा आणि दुकानाच्या फळ्यावर लिहा.

कंपनीच्या मीटिंगा आणि डीलर सहली यात धराव्यात का?

मीटिंगला जा, नवीन रेणूची, म्हणजे नव्या औषधाची, माहिती तिथे लवकर कळते. पण ती माहिती विकणाऱ्याकडून आलेली आहे. परत आल्यावर ती लेबलशी आणि विद्यापीठाच्या शिफारशीशी ताडून पाहा, मगच शेतकऱ्याला सांगा. सहल ही सहल असते, ती शिक्षणाच्या वहीत लिहू नका. लिंकिंगमध्ये, म्हणजे हव्या मालाबरोबर कंपनीने घ्यायला लावलेला, गळ्यात पडलेला माल खपवायचा म्हणून केलेली शिफारस तर सल्ला या शब्दातच बसत नाही. लिंकिंगचा त्रास खरा आहे, त्याची तक्रार कृषी विभागाकडे करा. त्याचा भार शेतकऱ्याच्या पिकावर टाकू नका.

मी दुकान चालवत नाही, बागांना एकरी फी घेऊन सल्ला देतो. मला परवाना लागतो का?

विक्री करत नसाल तर विक्रीचा परवाना लागत नाही. पण द्राक्ष, डाळिंबाच्या पट्ट्यात ‘डॉक्टर’ म्हणून फिरणाऱ्या सल्लागाराच्या एका चिठ्ठीवर लाखांचा खर्च होतो, म्हणून शिक्षणाची गरज तुम्हाला दुकानदाराहून जास्त आहे. ज्या दुकानाकडून कमिशन मिळतं त्याचंच औषध लिहीत असाल, तर बागायतदाराला ते आधी सांगून टाका.

कृषी पदवीधराला स्वतःचं सल्ला केंद्र काढायचं असेल तर?

ॲग्री क्लिनिक आणि ॲग्री बिझनेस सेंटर ही २००२ पासूनची केंद्राची योजना पाहा. ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण मोफत मिळतं. नंतर प्रकल्प-कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला ३६ टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. गावात दुकानांची गर्दी असेल, तर माती-पाणी तपासणी किंवा फवारणी सेवेचा विचार करा.

वय पंचावन्न आहे. परीक्षा झेपेल का?

झेपते. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिकही असतं आणि तिथे तुमची वीस वर्षं कामी येतात. कीड ओळखण्यात जुनी माणसं बी.एस्सी.वाल्या पोरांना मागे टाकतात. शास्त्रीय नावांची धास्ती घेऊ नका, तांत्रिक नावं मात्र पाठ करा.

सल्ला तोंडी दिला तर पुरे की लिहून द्यावा?

लिहून द्या. बिलाच्या मागच्या बाजूला चालेल. तारीख, पीक आणि त्याचं वय, काय लक्षण दिसलं, औषधाचं तांत्रिक नाव, पंपाला किती, एकरी किती पंप, आणि तोडणी किती दिवसांनी. दुसरी प्रत तुमच्याकडे ठेवा. आठ दिवसांनी शेतकरी परत आला, की मागे काय दिलं होतं ते समोर असतं, आणि चुकलं असेल तर तेही.

पहिल्या वर्गाला येताना काय आणू?

परवान्याची झेरॉक्स, दहावीची गुणपत्रिका, दोन फोटो. आणि तुमच्या गावातल्या एखाद्या शेतातलं, तुम्हाला न कळलेलं एक दुखणाईत झाड, मुळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून. पहिला तास त्याच्यावरच घेतो.